एका चिपवरचा संसार

घरातील छोट्या संगणकावर चित्रपट पाहताना वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज आज बहुधा भासत नाही. या सोयीचे मूळ शोधत गेल्यास अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका धर्मोपदेशकाच्या मुलापर्यंत जाऊन पोहोचावे लागते. त्याचे नाव रॉबर्ट नॉईस.

दिवाणखान्यातील टीव्हीशेजारी छोटा संगणक ठेवून त्यावर चित्रपट पाहायचे ठरवले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो प्रोसेसरचा. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे, की चित्र उमटवण्याची सोय पोटातच असलेला प्रोसेसर पुरेल? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत ग्राहक आणि विक्रेता यांच्यात हा प्रश्न नेहमीच घोळत असतो. वेगळे कार्ड म्हणजे अधिक खर्च, अधिक वीज, अधिक उष्णता आणि पडद्यावरील शांत प्रसंगात घरघरणारा आणखी एक पंखा. सारे काही एकाच चिपमध्ये सामावले, तर हा व्याप टळतो. असे सामावणे शक्य आहे आणि ते कसे करता येईल, हे जानेवारी १९५९ मध्ये एका ३१ वर्षांच्या पदार्थवैज्ञानिकाने आपल्या वहीत नोंदवून ठेवले होते.

रॉबर्ट नॉईस यांचा जन्म १२ डिसेंबर १९२७ रोजी आयोवातील बर्लिंग्टन येथे झाला. चार भावांत ते तिसरे. वडील काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक होते. घरात पैशाची चणचण असली, तरी पुस्तकांना आणि खटपटींना तोटा नव्हता. पुढे हे कुटुंब ग्रिनेल या छोट्या गावात स्थिरावले. वयाच्या बाराव्या वर्षी नॉईस यांनी भावाच्या मदतीने माणूस बसू शकेल असे ग्लायडर बनवले आणि गावातील महाविद्यालयाच्या तबेल्याच्या छपरावरून त्यासह उडी घेतली. ते सुखरूप खाली उतरले. धोका पत्करण्याची ही वृत्ती त्यांना जन्मभर पुरली.

त्याच ग्रिनेल महाविद्यालयात ते शिकू लागले, तेव्हा या वृत्तीने त्यांना एकदा चांगलेच अडचणीत आणले. १९४८ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका मेजवानीसाठी त्यांनी जवळच्या शेतातून डुक्कर पळवले. दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होऊन ते भरपाई द्यायला गेले. मात्र शेतीप्रधान आयोवात जनावराची चोरी हा गंभीर गुन्हा होता. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल यांनी रदबदली केली, म्हणून तुरुंगवास टळला आणि एका सत्रापुरत्या निलंबनावर प्रकरण मिटले. तो काळ नॉईस यांनी न्यूयॉर्कमधील एका विमा कंपनीत आकडेमोड करण्यात घालवला.

ते परतले, तेव्हा गेल यांच्या प्रयोगशाळेत एक नवलाची वस्तू आलेली होती. बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. शोधकर्त्यांपैकी जॉन बार्डीन हे गेल यांच्या परिचयाचे असल्याने अगदी सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरांपैकी काही या आडगावातील महाविद्यालयात येऊन पोहोचले होते. मोठमोठ्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी जे अद्याप पाहिलेही नव्हते, ते नॉईस यांना हाताळायला मिळाले. १९४९ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि १९५३ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर फिलाडेल्फियातील फिल्को कंपनीत तीन वर्षे काढून १९५६ मध्ये ते कॅलिफोर्नियात विल्यम शॉकली यांच्याकडे रुजू झाले.

ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या शॉकली यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. संशोधक म्हणून ते थोर होते, पण माणसे सांभाळणे त्यांना जमले नाही. सहकाऱ्यांवरील त्यांचा अविश्वास इतका विकोपाला गेला, की खोटेपणा पकडण्याच्या चाचणीपर्यंत मजल गेली. १९५७ मध्ये आठ तरुण संशोधकांनी एकत्र राजीनामे दिले. या बेतात सर्वांत शेवटी सामील झालेले नॉईस लवकरच त्या आठांचे नेते ठरले. उद्योगपती शर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीने भांडवल पुरवले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरची स्थापना झाली. जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या खोऱ्याचे सिलिकॉन व्हॅलीत रूपांतर होण्यात या घटनेचा वाटा फार मोठा आहे.

त्या काळी ट्रान्झिस्टर बनवण्याच्या रीतीत एक विचित्र विसंगती होती. सिलिकॉनच्या एका पातळ चकतीवर शेकडो ट्रान्झिस्टर एकत्र तयार होत. मग चकती कापून ते सुटे केले जात, प्रत्येकाला बारीक तारा लावल्या जात आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळे ताणून बसलेल्या कामगार स्त्रिया त्यांची तपासणी करीत. पुढे हेच सुटे भाग दुसऱ्या कारखान्यात पुन्हा एकमेकांना जोडले जात. आधी एकत्र बनवायचे, मग तोडायचे आणि पुन्हा जोडायचे. जितके सांधे अधिक, तितकी बिघाडाची शक्यताही अधिक. हजारो भागांचे यंत्र उभारायचे म्हटले, तर सांध्यांची संख्याच त्याला डोईजड होई.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न अन्यत्रही सुरू होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये नव्यानेच दाखल झालेले जॅक किल्बी जुलै १९५८ मध्ये, सहकारी सुट्टीवर गेलेले असताना, याच प्रश्नाशी झुंजत होते. १२ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी जर्मेनियमच्या एकाच तुकड्यावर संपूर्ण मंडल चालवून दाखवले. त्यातील भाग एकाच तुकड्याचे होते, परंतु ते जोडण्यासाठी वरून सोन्याच्या तारा न्याव्या लागल्या होत्या. सांध्यांचा प्रश्न पूर्णपणे सुटला नव्हता.

नॉईस यांना किल्ली सापडली ती सहकारी जाँ होर्नी यांच्या कामात. सिलिकॉनवर जमणारा ऑक्साइडचा थर घासून न काढता तसाच राहू दिला, तर तो ट्रान्झिस्टरचे संरक्षण करतो, हे होर्नी यांनी ओळखले होते. हा थर विजेला अडवतो. मग त्याच्यावरूनच ॲल्युमिनियमच्या बारीक रेषा काढून खालचे भाग एकमेकांना का जोडू नयेत? या विचारातून सुट्या तारा, हाताची जोडणी आणि भाग कापून वेगळे करण्याचे काम, हे सारेच अनावश्यक ठरले. जुलै १९५९ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि एप्रिल १९६१ मध्ये पेटंट मिळाले. जे लास्ट यांच्या गटाने १९६० मध्ये या कल्पनेवर आधारलेली चिप प्रत्यक्षात उतरवली. पुढे चंद्राकडे झेपावणाऱ्या अपोलो यानांच्या संगणकात फेअरचाइल्डच्या अशाच चिप बसवल्या गेल्या.

श्रेयाचा वाद न्यायालयात गेला. १९६६ मध्ये दोन्ही कंपन्यांनी परस्परांना परवाने देऊन व्यवहारापुरता समेट केला. १९६९ मध्ये अपील न्यायालयाचा कौल नॉईस यांच्या बाजूने लागला. तरीही हा शोध दोघांचा आहे, हेच तंत्रज्ञांच्या जगाने मानले आणि त्या दोघांनीही एकमेकांचे श्रेय कधी नाकारले नाही.

फेअरचाइल्डमध्ये मात्र नॉईस यांचे मन रमेनासे झाले. नफा पूर्वेकडील मूळ कंपनीकडे जात होता आणि तिच्या सर्वोच्च पदासाठी संचालकांनी त्यांना डावलले. १९६८ मध्ये जुने सहकारी गॉर्डन मूर यांच्यासह ते बाहेर पडले आणि दोघांनी इंटेलची स्थापना केली. त्यांच्या नावांच्या पुण्याईवर आर्थर रॉक यांनी अल्पावधीत २५ लाख डॉलर उभे केले. गंमत अशी, की नॉईस यांना एकेकाळी निलंबित करणाऱ्या ग्रिनेल महाविद्यालयानेही त्यात पैसे गुंतवले आणि त्या गुंतवणुकीने महाविद्यालयाला श्रीमंत केले. पुढल्याच वर्षी फेअरचाइल्डमधील आणखी एक अधिकारी जेरी सँडर्स यांनी साथीदारांसह एएमडी ही कंपनी काढली. आज प्रोसेसर घेताना ज्या दोन नावांत ग्राहकाला निवड करावी लागते, ती दोन्ही एकाच घरातून बाहेर पडलेली आहेत.

इंटेलचा मूळ धंदा संगणकाच्या स्मृतीच्या चिपचा होता. १९६९ मध्ये बिझिकॉम या जपानी कंपनीने गणनयंत्रासाठी वेगवेगळ्या कामांच्या अनेक चिप मागितल्या. टेड हॉफ यांनी सुचवले, की इतक्या चिप करण्यापेक्षा सूचना बदलून कोणतेही काम करून घेता येईल अशी एक चिप मध्यभागी ठेवावी. कंपनीच्या धंद्यात न बसणाऱ्या या कल्पनेला नॉईस यांनी पाठबळ दिले. फेडेरिको फॅजिन, स्टॅन मेझर आणि मासातोशी शिमा यांच्या परिश्रमांतून २,३०० ट्रान्झिस्टरांचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर नोव्हेंबर १९७१ मध्ये बाजारात आला. सुटे भाग एकत्र आणण्याच्या प्रवासातील हा दुसरा टप्पा होता.

नॉईस यांच्या कंपनीत अधिकाऱ्यांसाठी राखीव वाहनतळ नव्हता आणि वेगळे भोजनगृहही नव्हते. ते स्वतः एका जुन्या, ओरखडे पडलेल्या टेबलावर काम करीत. पण या मोकळेपणाची दुसरी बाजूही होती. कटू निर्णय घेणे आणि माणसे दुखावणे त्यांना जमत नसे. ते काम बहुधा अँडी ग्रोव्ह यांच्यावर येऊन पडे आणि ग्रोव्ह यांना त्याचा रागही येई. १९७४ च्या मंदीत मोठी नोकरकपात करावी लागली, ती नॉईस यांच्या जिव्हारी लागली. पुढल्याच वर्षी त्यांनी कारभाराची सूत्रे मूर यांच्याकडे सोपवली. त्याच सुमारास त्यांचा एलिझाबेथ यांच्याशी असलेला, चार मुलांचा संसार मोडला. पुढे इंटेलमधील ॲन बाउअर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सिलिकॉनवर हजारो भागांचा संसार थाटणाऱ्या माणसाला घरचा पहिला संसार सांधता आला नाही.

उत्तरायुष्यात ते नव्या उद्योजकांचे आधारस्तंभ झाले. ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज त्यांच्याकडे वडीलधाऱ्याच्या नात्याने जात. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांपुढे अमेरिकी चिप उद्योग मागे पडू लागला, तेव्हा एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी सरकारच्या साहाय्याने सेमाटेक ही संस्था उभारली. तिचे नेतृत्व करायला कोणी पुढे येईना. १९८८ मध्ये साठी ओलांडलेल्या नॉईस यांनी ती जबाबदारी स्वीकारली आणि ते टेक्सासमधील ऑस्टिनला राहायला गेले. ३ जून १९९० रोजी, रविवारी, पोहून आल्यावर हृदयविकाराच्या झटक्याने तेथेच त्यांचे निधन झाले. ते ६२ वर्षांचे होते. एकात्मिक मंडलाच्या शोधासाठी किल्बी यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा नॉईस यांना जाऊन दहा वर्षे झाली होती आणि हे पारितोषिक मरणोत्तर दिले जात नाही. आपल्या नोबेल व्याख्यानात किल्बी यांनी मोठ्या मनाने नॉईस यांचे स्मरण केले.

नॉईस यांच्या हयातीत संगणकाचे चित्र उमटवण्याचे काम बहुधा वेगळ्या कार्डावरच चाले. १९९९ मध्ये इंटेलने ते मदरबोर्डवरील ८१० या चिपसेटमध्ये आणले. जानेवारी २०१० मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोन चिप एकाच वेष्टनात आल्या आणि जानेवारी २०११ मध्ये दोन्ही सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर उतरले. २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतलेल्या एएमडीनेही २०११ मध्येच तसे प्रोसेसर आणले. २,३०० ट्रान्झिस्टरांपासून निघालेली चिप तोवर सुमारे १०० कोटींवर पोहोचली होती.

घरगुती चित्रपटगृहासाठी या एकत्रीकरणाचा मोठा फायदा असा, की दाबून साठवलेला चित्रपट उलगडण्यासाठी ग्राफिक्सच्या भागातच एक स्वतंत्र मंडल कोरलेले असते. ते काम अत्यल्प विजेत होते, त्यामुळे पंखा शांत राहतो. मात्र हे मंडल कोणत्या पद्धती जाणते, हे खरेदीपूर्वी पाहावे लागते. दहा बिटांचे एचईव्हीसी चित्रण संपूर्णपणे उलगडण्याची क्षमता इंटेलच्या सातव्या पिढीपासून आली. एव्ही१ हे नवे स्वरूप इंटेलमध्ये २०२० पासून, तर एएमडीच्या रायझन मालिकेत २०२२ पासून उलगडले जाऊ लागले. इंटेलच्या क्रमांकाअखेर एफ असेल, तर त्यात ग्राफिक्स नाही असे समजावे. रायझन ७००० मालिकेपूर्वीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ते जी अक्षराच्या नमुन्यांतच असे. चित्र मदरबोर्डवरील खाचेतून बाहेर पडत असल्याने ती खाच किमान एचडीएमआय २.० ची हवी, कारण १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० चौकटींपुढे जात नाही.

एकत्र कुटुंबात स्वयंपाकघर एकच असते, तशी या प्रोसेसरमध्ये रॅम एकच असते आणि ती दोघांना वाटून घ्यावी लागते. म्हणून एका मोठ्या पट्टीऐवजी समान क्षमतेच्या दोन पट्ट्या बसवणे हिताचे ठरते. जड खेळ खेळायचे असतील, तर हे वाटप अपुरे पडते आणि वेगळ्या कार्डाचा खर्च रास्त ठरतो. केवळ चित्रपट पाहायचे असतील, तर त्याची गरज नाही. सांधे कमी झाले की खर्च, उष्णता आणि बिघाड कमी होतात, हा हिशेब नॉईस यांनी १९५९ मध्येच मांडून ठेवला होता.