थंडीत इलेक्ट्रिक गाडी का दमते? उत्तर १८८९ सालीच मिळालं होतं, तेही साखरेच्या पाण्यातून

जानेवारी २०२४. अमेरिकेतल्या शिकागोमध्ये पारा शून्याच्या खूप खाली गेला आणि चार्जिंग स्टेशनांवर इलेक्ट्रिक गाड्यांच्या रांगा लागल्या. काही गाड्या चार्जरपर्यंत पोचल्या, पण चार्ज व्हायलाच तयार नव्हत्या. काही टो करून न्याव्या लागल्या. ते व्हिडिओ जगभर फिरले आणि इलेक्ट्रिक गाडी थंडीत कुचकामी, असा निकालही लागून गेला.

त्याच २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर १०० नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. नॉर्वे म्हणजे जिथे काही भागांत हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, तो देश.

आता यातलं खरं काय? दोन्ही. आणि ते कसं, हे समजून घ्यायला शेजारच्या स्वीडनमधल्या एका माणसाची गोष्ट माहीत हवी. कल्याण-डोंबिवलीत बारावी सायन्स केलेल्या कुणालाही त्याचं आडनाव ओळखीचं वाटेल. केमिस्ट्रीच्या पुस्तकात, एका समीकरणाच्या नावात, बहुतेक वेळा परीक्षेच्या आदल्या रात्री ते भेटतं. स्वांते अऱ्हेनियस.

१९ फेब्रुवारी १८५९ ला स्वीडनमधल्या उप्सालाजवळच्या विक इथे त्याचा जन्म झाला. वडील उप्साला विद्यापीठाच्या जमिनींचे सर्व्हेअर. स्वांते तीन वर्षांचा असताना स्वतःच वाचायला शिकला आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या बघून बेरजा-वजाबाक्या करू लागला, असं सांगतात. आकड्यांचं हे वेड पुढे फार कामाला आलं.

उप्साला विद्यापीठात त्याचं जमलं नाही. तिथल्या शिकवण्याने समाधान होईना, म्हणून १८८१ मध्ये तो स्टॉकहोमला एरिक एडलुंड या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. विषय घेतला तो वरवर साधा वाटणारा. कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. शुद्ध पाण्यातून जवळपास वाहत नाही. मग मीठ पाण्यात टाकलं की का वाहते?

त्याचं म्हणणं असं होतं की पाण्यात विरघळताना मिठाचे तुकडे होतात आणि ते तुकडे विजेचा भार घेऊन फिरतात. एक धन, एक ऋण. यांनाच आपण आयन म्हणतो. ही कल्पना पूर्णपणे मांडायला त्याला १८८७ साल उजाडलं, पण तिचा पाया १८८४ च्या डॉक्टरेटच्या प्रबंधात होता. उप्सालातल्या प्राध्यापकांना तो पटला नाही. त्यांनी प्रबंधाला चौथा दर्जा दिला, तोंडी परीक्षेनंतर तो कसाबसा तिसऱ्यावर गेला. म्हणजे काठावर पास. प्राध्यापकीचा रस्ता यात जवळपास बंद होत होता.

स्वांतेने मग तोच प्रबंध युरोपातल्या मोठ्या नावांना पोस्टाने पाठवून दिला. क्लॉसियस, व्हान्ट हॉफ, ओस्टवाल्ड. यातल्या विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना तो इतका आवडला की ते थेट उप्सालाला येऊन धडकले आणि त्याला आपल्याकडे रिगाला चल म्हणू लागले. वडील आजारी असल्याने तो लगेच गेला नाही. पण एवढा मोठा माणूस आपल्या विद्यार्थ्याला न्यायला येतो म्हटल्यावर उप्सालानेही त्याला अध्यापनाचं पद दिलं. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि रिगा, वुर्झबर्ग, ग्राझ, अॅमस्टरडॅम अशी काही वर्षं फिरून काम करण्यात गेली.

आज इलेक्ट्रिक गाडीच्या लिथियम बॅटरीत जे चालतं, ते याच आयनांचं काम. गाडी चालते तेव्हा लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, चार्ज करताना परत येतात. मधे असतो एक द्रव, इलेक्ट्रोलाइट. थंडीत हा द्रव घट्ट होतो आणि आयनांची चाल मंदावते. पण हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं अऱ्हेनियस यांच्या १८८९ च्या कामात आहे.

त्या वर्षी ते उसाच्या साखरेचा अभ्यास करत होते. साखरेच्या पाण्यात अॅसिड घातलं की साखरेचं विघटन होतं. पाणी थोडं गरम केलं की हाच प्रकार अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने होतो. तापमान जरासं वाढल्यावर वेग एवढा का उसळतो?

कल्याणकरांना हे कसारा घाटावरून लगेच कळेल. लांब पल्ल्याची गाडी कसाऱ्याला थांबते, मागून जादा इंजिनं लागतात, तेव्हा ती घाट चढते. सपाटीवर आरामात पळणारी गाडीसुद्धा जादा जोर मिळाल्याशिवाय वर जात नाही. अऱ्हेनियस यांनी दाखवलं की प्रत्येक रासायनिक क्रियेला असा एक घाट असतो. कोणत्याही क्षणी मोजक्याच रेणूंकडे तो ओलांडायची ताकद असते. तापमान वाढलं की ताकदवान रेणूंची संख्या झपाट्याने वाढते, कमी झालं की तशीच झपाट्याने घटते. ढोबळ हिशेबात बऱ्याच क्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट किंवा निम्मा होतो. यालाच अऱ्हेनियस समीकरण म्हणतात.

म्हणजे शिकागोतल्या त्या गाड्यांमधली वीज गायब झाली नव्हती. ती बाहेर यायचा आणि आत जायचा रस्ता अडला होता. आत जायचा जास्तच. गारठलेल्या बॅटरीत जोराने वीज ढकलली तर लिथियम आत शिरण्याऐवजी वरच धातूच्या थरासारखं साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर आधी बॅटरी गरम करतो, मगच चार्जिंगला पूर्ण वेग देतो. हे माहीत नसलेला माणूस थंडगार गाडी घेऊन चार्जरवर पोचला की अडकलाच. नॉर्वेतले लोक निघण्याआधी, गाडी घरी प्लगला लावलेली असतानाच ती गरम करून घेतात. चार्जरचा पत्ता नकाशात टाकला की बऱ्याच गाड्या वाटेतच बॅटरी तापवू लागतात.

रेंज किती पडते? अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या चाचणीत उणे ७ अंशांच्या आसपास, हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्के घटली. हीटर सुरू केल्यावर ४१ टक्के. या दोन आकड्यांमधला फरक बघा. खरा खादाड हीटर आहे. पेट्रोलचं इंजिन बहुतेक इंधन उष्णतेत वाया घालवतं आणि त्याच फुकटच्या उष्णतेवर गाडी आतून उबदार राहते. इलेक्ट्रिक मोटर एवढी काटकसरी की तिच्याकडे वाया घालवायला उष्णताच नाही. म्हणून आता बऱ्याच गाड्यांत हीट पंप येतात. नॉर्वेच्या वाहनचालक संघटनेने २०२० मध्ये २० गाड्या हिवाळ्यात पळवल्या, तेव्हा सरासरी घट १८.५ टक्के होती.

आता अऱ्हेनियस यांच्याकडे परत. १८९१ मध्ये ते स्टॉकहोमला शिकवू लागले, १८९५ मध्ये विरोध पचवून प्राध्यापक झाले. दरम्यान सोफिया रुडबेक या आपल्याच विद्यार्थिनीशी १८९४ मध्ये लग्न केलं. ते दोन वर्षांत मोडलं. मुलगा आईकडे गेला. नेमक्या याच काळात, १८९४ च्या नाताळच्या सुमारास, त्यांनी एक आकडेमोड हाती घेतली. प्रश्न होता हिमयुगं का येतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यामुळे पृथ्वी गारठत असेल का?

हा वायू उष्णता अडवतो हे तेव्हा माहीत होतं. पण किती, हे कुणी पृथ्वीभर मोजलं नव्हतं. सॅम्युअल लँगली या अमेरिकन शास्त्रज्ञाने चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेची मोजमापं घेतली होती, ती अऱ्हेनियस यांनी उचलली. मग दर दहा अक्षांशांच्या पट्ट्यासाठी, चारही ऋतूंसाठी, कागद-पेन्सिलीने हजारो गणितं. जवळपास वर्षभर. वडिलांच्या वह्यांवर वाढलेला मुलगाच हे करू जाणे.

एप्रिल १८९६ मध्ये निष्कर्ष छापून आला. कार्बन डायऑक्साइड निम्मा झाला तर तापमान ४ ते ५ अंशांनी उतरेल. दुप्पट झाला तर ५ ते ६ अंशांनी चढेल. आजचा अंदाज दुपटीला सुमारे ३ अंशांचा आहे. कॉम्प्युटर नसताना हाताने काढलेलं उत्तर एवढं जवळ येणं कौतुकाचंच. तेव्हा हवेत हा वायू दहा लाखांत सुमारे २९५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. कोळसा जाळून माणूस यात भर घालतोय, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. फक्त त्यांना त्यात आनंद वाटला! कुडकुडणाऱ्या स्वीडनमधून पाहताना जग थोडं उबदार झालं तर पीकपाणी सुधारेल, असंच त्यांना वाटत होतं. आणि हे व्हायला कित्येक शतकं जातील, असाही अंदाज होता.

१९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळवणारे ते पहिले स्वीडिश. काम तेच, ज्याला उप्सालाने काठावर पास केलं होतं. पण सत्ता हातात आल्यावरचे अऱ्हेनियस तितकेसे आवडण्यासारखे नाहीत. आवर्त सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह यांना नोबेल मिळू नये यासाठी त्यांनी आपलं वजन वापरल्याचं इतिहासकार सांगतात, आणि मेंडेलीव्ह यांना ते कधीच मिळालं नाही. पुढे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडनच्या वंशशुद्धीवादी संस्थेच्या मंडळावरही ते होते. १९०५ मध्ये दुसरं लग्न झालं, त्याच वर्षी नोबेल संस्थेच्या भौतिक रसायनशास्त्र विभागाचे ते संचालक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. २ ऑक्टोबर १९२७ ला स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं. दफन मात्र उप्सालात.

त्याच सुमारास इकडे कल्याणच्या शेजारी, ठाकुर्लीत, रेल्वेच्या विजेच्या गाड्यांसाठी चोळा पॉवरहाऊस उभं राहत होतं. कोळशावर चालणारं. गाडी विजेची असली तरी वीज कशाची, हा प्रश्न या भागाला नवा नाही.

कल्याणमध्ये पारा पंधरावर आला तरी कानटोप्या निघतात, त्यामुळे थंडीत रेंज पडायची भीती इथे नाही. इथे तेच समीकरण उलट्या बाजूने लागू होतं. उष्णतेने बॅटरीतल्या नको त्या क्रियाही वेग घेतात आणि ती लवकर म्हातारी होते. थंडीत पडलेली रेंज उन्हाळ्यात परत येते, उष्णतेने गेलेली क्षमता परत येत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी दिवसेंदिवस उभी राहणार असेल तर सावलीची जागा मागून घ्या, आणि पूर्ण चार्ज करून तशीच ठेवायची की नाही, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. ती उष्णता बऱ्यापैकी सोसते, पण थंडीत इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा जास्त मंदावते. तीच गाडी घेऊन जानेवारीत लडाखला जायचा बेत असेल, तर मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर प्लगला लावायची सोय आहे का, हे आधी फोन करून विचारा.