चिंध्यांचे महावस्त्र : श्री संत गाडगे महाराज

श्री संत गाडगे महाराजांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. लोकांची वस्त्रे स्वच्छ करणे हा या कुळाचा परंपरागत व्यवसाय. दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी महाराजांनी गृहत्याग केला. अंगावर जुन्या चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, हाती गाडगे व खराटा. म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवा असेही म्हणत.

कीर्तनातून जमलेल्या लोकनिधीतून ऋणमोचन येथे घाट व पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. अंध-अपंगांना अन्नवस्त्र मिळाले. स्वतः महाराज मात्र अखेरपर्यंत चिंध्यांतच राहिले. त्यांच्या उपदेशात अन्न व पाणी यांच्या पाठोपाठ वस्त्रदानास स्थान आहे. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक ते निजधामास गेले.

भाविकांनी स्नानानंतर जुनी वस्त्रे नदीपात्रात सोडू नयेत. ती स्वच्छ धुवावीत, उसवलेली शिवावीत व सन्मानाने गरजूंस द्यावीत. जीर्ण वस्त्रांची गोधडी करून थंडीत कुडकुडणाऱ्याच्या अंगावर घालावी. महाराजांची सेवा ती हीच होय.