शुश्रूषेचे खरे मर्म

रोग्याच्या उशाशी बसून कपाळावर हात फिरविला व वेळेवर औषध पाजले, म्हणजे शुश्रूषा झाली, असा आपल्या लोकांत समज आहे. हे काम दयेचे खरे. परंतु दयेस ज्ञानाची व व्यवस्थेची जोड नसेल तर रोगी हातचा जातो. ही गोष्ट ज्या बाईंनी जगास पटवून दिली, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

बाईंचा जन्म ता. १२ मे १८२० रोजी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. त्या काळी इंग्लंडात रोग्यांची सेवा हे हलक्या बायकांचे काम मानीत. म्हणून घरच्यांनी अनेक वर्षे विरोध केला. तथापि बाईंनी विवाह नाकारिला व १८५१ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथे राहून हे शिक्षण घेतले.

क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्थानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोचल्या. तेथे जखमांपेक्षा हगवण, पटकी व ज्वर यांनीच अधिक शिपाई दगावत. बाईंनी अन्नाची, कपड्यांची व धुलाईची सोय लाविली. तरी मृत्यू थांबेनात. इमारतीखाली गटारे तुंबली होती. १८५५ च्या मार्चात सरकारी आरोग्य मंडळाने ती उपसून हवा खेळती केली. फेब्रुवारीत शेकडा ४२ च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत शेकडा २ वर उतरले.

मायदेशी परतल्यावर बाईंनी, दक्ष व्यापारी जमाखर्च ताडून पाहतो तसे, मृत्यूंचे आकडे तपासिले. आकडे त्यांच्याच रुग्णालयाविरुद्ध साक्ष देत होते. तरी त्यांनी ते दडपिले नाहीत. उलट रंगीत आकृत्या काढून ते राज्यकर्त्यांपुढे मांडिले. रोग हटविण्याची शक्ती निसर्गात आहे; शुद्ध हवा, उजेड, निर्मळ पाणी, योग्य अन्न व शांतता देऊन तिची वाट मोकळी करणे हेच शुश्रूषेचे कार्य, हा त्यांच्या ग्रंथांचा सारांश होय. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. स्वतः दीर्घकाळ अंथरुणास खिळल्या असताही त्यांची लेखणी थांबली नाही. हिंदुस्थानात त्यांचे पाऊल कधी पडले नाही. परंतु येथील पाणी व गटारे यांविषयी त्या अनेक वर्षे सरकारच्या पाठीस लागल्या होत्या. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या.

लोकांस त्यांच्या हातातील दिवा आठवतो. त्यांची आकड्यांची वही मात्र विसरली जाते. आजही आपल्या घरी वारा लागेल या भीतीने रोग्याची खोली बंद ठेवितात व भेटीस येणारांची गर्दी तेथेच लोटते. रोग्याची घाण काढते म्हणून परिचारिकेस कमी लेखणारेही थोडे नाहीत. वास्तविक ती वैद्याची मोलकरीण नसून त्याची बरोबरीची सहकारी आहे. आमच्या व्यापारी बंधूंनी धर्मादायातील काही भाग परिचारिकांच्या शिक्षणास लाविला, आणि प्रत्येक गृहस्थाने रोग्याच्या खोलीची खिडकी उघडिली, तर या चरित्राच्या वाचनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.