वसईचे संत गोन्सालो गार्सिया



मुंबईच्या उत्तरेला समुद्रकाठी वसई गाव आहे. तिकडचे ख्रिस्ती लोक एका संताला फार मानतात. त्यांच्या चित्रात अंगात साधा झगा, कमरेला दोर आणि जवळ क्रूस व भाले दाखवतात. साधूच्या चित्रात भाले कशाला? त्याचीच ही गोष्ट.

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईला झाला. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच, असे सांगतात. लहान वयातच ते धर्मगुरूंसोबत जहाजाने जपानला गेले. तिथली माणसे, त्यांची बोली, सगळेच नवीन. पण गोन्सालो लोकांत मिसळले आणि जपानी भाषा छान शिकले. पुढे त्यांनी व्यापार केला. पैसाही मिळाला, पण मन रमले नाही. मग सगळे सोडून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन साधू झाले.

१५९३ साली काही साधू जपानला निघाले. त्यांना जपानी येत नव्हते. म्हणून दुभाषी म्हणून गोन्सालो सोबत गेले. तिथे त्यांनी गोरगरिबांची आणि रोग्यांची सेवा केली.

त्या वेळी जपानवर हिदेयोशी याची सत्ता होती. साधूंच्या मागून परदेशी फौज येईल, असा त्याला संशय आला. त्याने २६ जणांना पकडले. त्यांत २० जपानी होते. सर्वांत लहान मुलगा तर फक्त १२ वर्षांचा! त्यांचे डावे कान कापले आणि भर थंडीत सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सर्वांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले. गोन्सालो सर्वांच्या आधी क्रुसाजवळ पोचले, आपला क्रूस कोणता ते विचारले आणि गुडघे टेकून त्याला मिठी मारली, अशी कथा आहे.

म्हणून चित्रात ते भाले आहेत. १८६२ साली रोमच्या पोपनी त्यांना संत जाहीर केले. भारतात जन्मलेले ते पहिले ख्रिस्ती संत. वसईत त्यांच्या नावाचे कॉलेजही आहे.

आपण घरी माडिया बोलतो अन् शाळेत मराठी शिकतो. सुरुवातीला जड जाते. पण दुसऱ्याची भाषा आली की परका माणूसही आपला होतो. गोन्सालो यांनी अशी माणसे जोडली आणि शेवटपर्यंत त्यांची साथ सोडली नाही.