चिउने सुगिहारा : हजारोंचे प्राण वाचवणारी सही



सांगितलेलं ऐकावं, हे आपण मुलांना रोज शिकवतो. ते चूक नाहीच. पण वरून आलेला हुकूम एकीकडे आणि दारात उभा असलेला माणूस दुसरीकडे, अशी वेळ आली तर? हा विषय वर्गात किंवा घरी काढायचा असेल, तर जपानी मुत्सद्दी चिउने सुगिहारा यांची गोष्ट जरूर सांगा.

त्यांचा जन्म १ जानेवारी १९०० रोजी झाला. वडिलांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. मुलाला ओढ भाषांची. परराष्ट्र खात्याची शिष्यवृत्ती मिळवून ते हार्बिनला गेले आणि रशियन भाषेत तरबेज झाले. पुढे मांचुरियात नोकरी करताना चिनी लोकांना मिळणारी वागणूक त्यांना पटली नाही. १९३५ मध्ये त्यांनी ते पद सोडलं.

१९३९ मध्ये त्यांना लिथुआनियातल्या कौनास शहरी नेमलं गेलं. जुलै १९४० मध्ये वकिलातीबाहेर गर्दी जमली. ते होते पोलंडमधून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासित. रशिया ओलांडून जपानमार्गे निसटायचं, एवढीच वाट उरली होती. डच प्रतिनिधी यान झ्वार्टेंडाइक यांनी कुरासाओ बेटावर जाण्याचा कागद करून दिला होता, पण मधल्या प्रवासाला जपानचा व्हिसा लागणार होता.

सुगिहारांनी टोकियोला विचारलं. पुरेसे पैसे आणि पुढच्या देशाची परवानगी नसेल तर व्हिसा देऊ नये, असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं, तरी नकारच. शेवटी पत्नी युकिको यांच्याशी बोलून त्यांनी ठरवलं आणि लिहायला बसले. वकिलात बंद होईपर्यंत दिवसचे दिवस ते हाताने व्हिसा लिहीत राहिले. त्यांच्या यादीत दोन हजारांहून जास्त नावं आहेत. एका व्हिशावर अख्खं कुटुंब जाऊ शके, म्हणजे वाचलेले किती असतील बघा!

युद्धानंतर त्यांना सहकुटुंब सोव्हिएत छावणीत राहावं लागलं. १९४७ मध्ये मायदेशी परतले, तर नोकरी गेली. कारण नोकरकपातीचं सांगितलं. घरच्यांना मात्र तो व्हिशांचाच दंड वाटला. मग पडेल ते काम करून त्यांनी संसार चालवला. १९६८ मध्ये वाचलेल्यांपैकी एकाने त्यांना शोधून काढलं. पुढे इस्रायलने त्यांचा गौरव केला. १९८६ मध्ये ते वारले. जपान सरकारची जाहीर दिलगिरी आली ती २००० साली.

गोष्ट संपल्यावर मुलांना एवढंच विचारा, तुम्ही काय केलं असतं? उत्तराची घाई करू नका. आज्ञा पाळणं आणि चांगलं वागणं दर वेळी एकच नसतं, हे मुलांचं मुलांनाच उमगू द्या.