रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी, १८८२ – १४ ऑक्टोबर, १९५३) हे मराठी समाजसुधारक, लेखक, संपादक व गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमन, लैंगिक शिक्षण आणि गुप्तरोगांचा प्रतिबंध या विषयांवर त्यांनी आयुष्यभर कार्य केले.

जीवन

कर्वे यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड येथे झाला. रायगड किनाऱ्यावरील मुरूड-जंजिरा हे गाव यापेक्षा वेगळे आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात मरण पावल्या. १८९९ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर काही काळाने ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. संततिनियमनाच्या जाहीर पुरस्कारामुळे १९२५ मध्ये त्यांना ही नोकरी सोडावी लागली.

कार्य

१९२१ मध्ये कर्वे यांनी पत्नी मालतीबाई यांच्या साहाय्याने मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असे केंद्र उघडले होते. १९२३ मध्ये त्यांचे 'गुप्तरोगांपासून बचाव' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा पेनिसिलिनचा शोध लागला नव्हता. उपदंशावर आर्सेनिकयुक्त औषधे दिली जात. ती विषारी होती आणि उपचार दीर्घकाळ चाले. त्यामुळे रोग टाळण्याला विशेष महत्त्व होते. गुप्तरोगांकडे पापाचे फळ म्हणून न पाहता प्रतिबंध करता येण्याजोगे संसर्गजन्य रोग म्हणून पाहावे, अशी त्यांची भूमिका होती.

जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यातील लेखनावर अश्लीलतेचे खटले झाले व १९३१ मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये पुन्हा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दोनशे रुपये दंड झाला.

महत्त्व

१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळला. त्यानंतर निरोधचा वापर व लैंगिक आरोग्याची उघड माहिती हे सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमांचे आधार ठरले. २००४ पासून शासकीय केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली आणि नियमित औषधोपचाराने दीर्घायुष्य शक्य झाले. मात्र लोकलज्जेमुळे तपासणी टाळणे, आजार लपवणे व बाधितांना दूर लोटणे हे प्रकार थांबलेले नाहीत. कर्वे यांनी ज्या लज्जेविरुद्ध लेखन केले, ती आजही प्रतिबंध व उपचारांतील मोठा अडथळा आहे.