घरट्यापाशी वाघ

मासाही घरटे बांधतो, हे अनेकांना नवल वाटेल. हेगमध्ये १९०७ साली जन्मलेल्या निको टिनबर्गेनला ते लहानपणीच ठाऊक होते. परसात ठेवलेल्या काचेच्या दोन टाक्यांसमोर बसून तो दर वसंतात स्टिकलबॅकचे बांधकाम न्याहाळत असे. हा बोटाएवढा मासा. पाठीवर तीन काटे.

पुढे लायडन विद्यापीठात प्राध्यापक टिनबर्गेन यांनी याच माशाचा अभ्यास केला. नर वाळूत खड्डा करतो, पाणवनस्पतींचे धागे रचतो, मूत्रपिंडातून येणाऱ्या चिकट स्रावाने ते सांधतो आणि मधून बोगदा काढतो. पोट लालभडक होते. मादी दिसली की नागमोडी नाचत तिला घरट्याकडे नेतो. तिने अंडी घातली की तिला हुसकावतो आणि अंडी-पिल्ले एकटाच सांभाळतो. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तरी टाकीतले नर तिकडे झेपावत!

त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. एका टाकीत दोन नर, दोन टोकांना त्यांची घरटी. दोघांना वेगवेगळ्या काचनळ्यांत घालून पहिल्याच्या घरट्याजवळ नेले, की पहिला दुसऱ्यावर धावून जाई आणि दुसरा पळू पाही. दुसऱ्याच्या घरट्याजवळ नेले की नेमके उलटे. मासे तेच, फक्त जागा बदललेली. नर दाटीने ठेवले, तर हद्दीवरची तंटेबाजी थांबेना. डोके खाली घालून ते वाळूच उकरत राहत.

म्हणजे घरटी कुठे आणि किती अंतरावर, यावर नराचा वेळ मादीला रिझवण्यात जातो की शेजाऱ्याशी भांडण्यात, हे ठरते. पुढच्या संशोधकांनी युरोपच्या किनाऱ्यावरील गोबी माशांत हाच धागा पकडला. ते रिकाम्या शिंपल्याखाली घरटे करतात. शिंपले मोजकेच असले, तर मोठे नर ते बळकावतात आणि लहानांना जोडीदार मिळणे कठीण होते.

ज्यू प्राध्यापकांना काढून टाकल्याचा निषेध केल्याबद्दल नाझींनी १९४२ मध्ये टिनबर्गेन यांना ओलीस म्हणून छावणीत डांबले. तिथे दोन वर्षे गेली. १९४९ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. १९७३ मध्ये त्यांना कॉनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या वेळच्या भाषणात ते स्वमग्नतेवर बोलले. आईशी असलेल्या नात्यात तिचे मूळ शोधण्याचा त्यांचा विचार पुढे टिकला नाही. माशांबाबत काटेकोर असलेला हा माणूस मुलांबाबत घाई करून गेला, असे वाटते. आयुष्यात नैराश्याचे झटके त्यांना वारंवार आले. १९८८ मध्ये ऑक्सफर्डलाच त्यांचे निधन झाले.